टेल (पत्त्यांचे खेळ)

टेल म्हणजे पत्त्यांच्या खेळात, विशेषतः समोरासमोर बसून खेळल्या जाणाऱ्या पोकरमध्ये, खेळाडूच्या वागण्यात त्याच्या नकळत होणारा असा बदल, की ज्यावरून त्याच्या हातातील पानांचा किंवा त्याच्या बेताचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला बांधता येतो. हाताचा कंप, श्वासाची लय, नजरेची दिशा, बोलण्याचा वेग, चिप पुढे सरकवण्याची ढब, निर्णयाला लागणारा वेळ यांपैकी काहीही टेल ठरू शकते. एकच हालचाल एका खेळाडूच्या बाबतीत टेल असते, तर दुसऱ्याच्या बाबतीत केवळ सवय असते. म्हणून टेल ओळखण्याचे कौशल्य हे मुख्यतः खुणा पाठ करण्याचे नसून माणसाचे नेहमीचे वागणे लक्षात ठेवण्याचे कौशल्य आहे.

संज्ञा

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘सांगणे’ असा असून खेळाच्या संदर्भात तो ‘उघड करणे’ या छटेने नाम म्हणून रूढ झाला. मराठीत त्यास सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘खूण’ हा शब्द सोयीचा असला तरी खूण ही सहसा मुद्दाम केलेली असते, आणि टेल हे नकळत घडते. बोलीभाषेत ‘चेहऱ्याने चुगली केली’ असे म्हणतात. अर्थाच्या दृष्टीने ‘चुगली’ हा शब्द अधिक जवळचा आहे.

सर्वांत नेमका शब्द मात्र संस्कृतातून मराठीत आलेला ‘इंगित’ हा होय. आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘मर्म’ किंवा ‘गुपित’ असा उरला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात मसलतीची गुप्तता राखण्याविषयी सांगताना ‘इंगित’ आणि ‘आकार’ हे दोन शब्द जोडीने येतात. तेथे इंगित म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे वागणे आणि आकार म्हणजे मुद्रेवर दिसणारा फरक, अशी व्याख्या केलेली आहे. टेलची याहून आटोपशीर व्याख्या करणे कठीण आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही न्यायदान करणाऱ्याने स्वर, वर्ण, इंगित, आकार, डोळे आणि हालचाल यांवरून समोरच्याचे मनोगत जाणावे, असे सांगितले आहे.

नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांपैकी स्वेद, स्वरभंग, वेपथु (कंप) आणि वैवर्ण्य (रंग उतरणे) हे चार भाव पोकरवरील पुस्तकांतील टेलच्या याद्यांत जसेच्या तसे आढळतात. भाव झाकण्याच्या प्रयत्नालाही नाट्यशास्त्रात ‘अवहित्थ’ असे स्वतंत्र नाव असून तेहतीस व्यभिचारी भावांत त्याची गणना होते. आज ‘पोकर फेस’ ज्याला म्हणतात, ते अवहित्थच होय.

खेळातील स्थान

पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात आणि पाच सामाईक पाने टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडली जातात. प्रत्येक टप्प्यावर खेळाडू चिप लावतो, समोरच्याची बोली स्वीकारतो, वाढवतो किंवा डाव सोडतो. दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी एकाच मोलाची दोन पाने येण्याचा योग सतरा डावांत सरासरी एकदा, तर दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत एकदा असतो. हातातील पाने वेगवेगळ्या मोलाची असतील, तर पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर त्यांच्याशी जुळणी होण्याची शक्यता जेमतेम एकतृतीयांश असते. म्हणजे बहुतेक वेळा बहुतेकांच्या हाती काहीच नसते, आणि तरीही कोणी तरी डाव जिंकतोच. यामुळे थाप मारणे (ब्लफ) हा या खेळाचा अपवाद नसून भाग आहे, आणि थाप ओळखण्याची गरजही तितकीच स्वाभाविक आहे.

प्रतिस्पर्ध्याविषयीच्या माहितीचा मुख्य स्रोत मात्र त्याची देहबोली नसून त्याची बोली असते. त्याने कोणत्या टप्प्यावर किती चिप लावल्या, तो कोणत्या स्थानावर बसला आहे, आधीच्या डावांत त्याने उघडलेली पाने कोणती होती, यांवरून बांधलेला अंदाज प्रथम येतो. टेल त्या अंदाजात थोडी भर घालते किंवा थोडी वजाबाकी करते. नवशिक्या खेळाडूंमध्ये हा क्रम उलटा असल्याचे वारंवार दिसते.

ओळखीची टेल

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध लेखन अमेरिकन लेखक माइक कॅरो यांचे आहे. त्यांचे टेलविषयीचे सचित्र पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅरो यांनी टेलचे दोन गट केले: नकळत घडणारी आणि अभिनय म्हणून केलेली. अभिनयाच्या गटाविषयी त्यांचा नियम असा, की हौशी खेळाडू पाने चांगली असताना दुबळेपणाचे सोंग घेतो आणि पाने वाईट असताना बळाचे. उसासा टाकणे, खांदे पाडणे, ‘बघू या आता’ अशा सुरात बोली लावणे ही चांगल्या पानांची लक्षणे. चिप जोराने आपटणे, प्रतिस्पर्ध्याकडे रोखून पाहणे ही थापेची लक्षणे, असे त्यांचे निरीक्षण आहे.

नकळत घडणाऱ्या गटातील दोन टेल विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले म्हणजे हाताचा कंप. मोठी बोली लावताना ज्याचा हात एकाएकी थरथरतो, तो घाबरला आहे असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात हा कंप बहुधा फार चांगली पाने आल्यानंतरच्या उत्तेजनेचा असतो. थाप मारणारा उलट अंग आखडून, श्वास रोखून स्थिर बसतो, कारण लक्ष वेधले जाऊ नये असे त्याला वाटत असते. दुसरे म्हणजे नजर. सामाईक पाने उघडल्यावर ज्याची दृष्टी क्षणभर आपल्या चिपांकडे जाते, त्याचा बोली लावण्याचा विचार पुष्कळदा तेव्हाच झालेला असतो. हे घडण्यास एखादा क्षण लागतो, म्हणून अनुभवी खेळाडू पाने उघडताना पानांकडे न पाहता इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहतात. पाने पळून जात नाहीत.

निर्णयाला लागणारा वेळ हेही टेल आहे. तत्काळ स्वीकारलेली बोली बहुधा मध्यम प्रतीची पाने दर्शवते. पाने फार चांगली असती तर वाढवावे का, आणि फार वाईट असती तर सोडावे का, याचा विचार करण्यात काही वेळ गेला असता.

निरीक्षणाची पद्धत

टेल ओळखण्याचा अभ्यास प्रतिस्पर्ध्याच्या मूळ वर्तनापासून सुरू होतो. तो एरवी किती बोलतो, चिपांशी कोणत्या हाताने चाळा करतो, पाने किती वेळ पाहतो, पाणी केव्हा पितो, हे काही महत्त्वाचे पणाला लागलेले नसताना पाहावे लागते. ज्याचा हात स्वभावतःच थरथरतो, त्याच्या कंपाला काही अर्थ नाही. जो अखंड बोलतो त्याचे गप्प होणे बोलके असते, आणि जो गप्प असतो त्याचे अकस्मात विनोद करणे.

दुसरी पायरी पडताळ्याची. एखादी हालचाल दिसली, की त्या डावाच्या अखेरीस पाने उघडली जातात का याची वाट पाहावी आणि हालचाल व पाने यांची सांगड मनात नोंदवावी. पुष्कळ डाव पाने न उघडताच संपतात, त्यामुळे अशा नोंदी सावकाश जमतात. एका नोंदीवर विसंबणे घातक असते. दोन-तीनदा तेच घडल्यास ते वापरण्याजोगे होते. स्वतः डाव सोडल्यानंतरचा वेळ निरीक्षणास सर्वांत सोयीचा, कारण त्या वेळी स्वतःचा निर्णय डोक्यावर नसतो. नेमक्या याच वेळी बहुतेक जण भ्रमणध्वनीत डोके घालून बसलेले दिसतात. एका वेळी सर्व टेबलाकडे पाहण्याचा प्रयत्नही निष्फळ ठरतो. डावीकडच्या दोघांपासून आरंभ करणे उत्तम, कारण ते आपल्यानंतर बोलतात आणि त्यांचा बेत आधी कळल्यास आपला निर्णय थेट सुधारतो.

टेलचे वजन

टेल दिसले म्हणजे निर्णय झाला, असा समज चुकीचा आहे. टेबलाच्या मध्यभागी १,००० चिप आहेत आणि शेवटच्या टप्प्यावर प्रतिस्पर्ध्याने आणखी १,००० लावल्या, असे मानू. ती बोली स्वीकारणाऱ्याला १,००० देऊन २,००० मिळवायचे असतात. म्हणून तीनपैकी किमान एकदा तरी समोरच्याची थाप असली पाहिजे.

आता हा खेळाडू अशा १०० प्रसंगांपैकी ३० वेळा थाप मारतो, असा अनुभव आहे. केवळ एवढ्यावरून स्वीकारल्यास १०० प्रसंगांत १०,००० चिपांचा तोटा होईल. तो थाप मारताना १०० पैकी ४० वेळा, तर पाने खरी असताना १०० पैकी २० वेळा मान खाजवतो, असेही दिसून आले आहे. तर ३० थापांपैकी १२ वेळा आणि ७० खऱ्या डावांपैकी १४ वेळा मान खाजवली जाईल. म्हणजे मान खाजवण्याच्या २६ प्रसंगांत १२ थापा, सुमारे ४६ टक्के. येथे स्वीकारणे योग्य, आणि त्या २६ प्रसंगांत मिळून १०,००० चिपांचा लाभ.

तेच टेल, पण खेळाडू असा, की शंभरात पाचदाच थाप मारतो. आता थापेच्या ५ प्रसंगांपैकी २ वेळा आणि खऱ्या ९५ पैकी १९ वेळा मान खाजवली जाईल; २१ पैकी २ म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. मान कितीही खाजवो, डाव सोडणेच श्रेयस्कर. टेल काठावरच्या निर्णयांतच उपयोगी पडते, असे जाणकार म्हणतात ते याच हिशेबाने.

मानसशास्त्रीय संशोधन

भाव आणि शरीर यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ मधील माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथापासून गणला जातो. विसाव्या शतकात पॉल एकमन यांनी क्षणार्धात उमटून नाहीशा होणाऱ्या सूक्ष्म मुद्रांची कल्पना लोकप्रिय केली.

चेहऱ्यावरून खोटे ओळखण्याच्या मानवी क्षमतेविषयी मात्र संशोधन निरुत्साही करणारे आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये चोवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या निवाड्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात खरे-खोटे बरोबर ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के आढळले. नाणे उडवून ठरवले असते तर ते ५० टक्के आले असते.

प्रत्यक्ष पोकरविषयीचा एक उल्लेखनीय अभ्यास मायकल स्लेपियन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेतील व्यावसायिक खेळाडूंच्या बोली लावतानाच्या चित्रफिती सामान्य प्रेक्षकांना दाखवण्यात आल्या. काहींना केवळ चेहरा, तर काहींना केवळ हात दाखवले. चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा सरस ठरले नाहीत. हात पाहणाऱ्यांचे ठरले. चांगली पाने असणाऱ्यांची चिप पुढे करण्याची हालचाल अधिक सहज आणि सलग भासत होती. व्यावसायिक खेळाडू चेहरा आवरण्याचा सराव वर्षानुवर्षे करतो, हाताकडे त्याचे तितके लक्ष नसते, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येते.

तीनपत्ती, रमी आणि मेंढीकोट

महाराष्ट्रात टेल हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. मुलांच्या ‘चॅलेंज’ या खेळात पाने पालथी ठेवून ‘तीन राण्या’ असे सांगायचे आणि इतरांनी ते खरे की थाप हे चेहऱ्यावरून ठरवायचे असते. पुष्कळांचे पहिले शिक्षण तेथेच होते.

तीनपत्ती हा पोकरच्या सर्वांत जवळचा देशी खेळ. त्यात तीन पानांचे २२,१०० संच संभवतात. त्यांपैकी १६,४४० संचांत, म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांश वेळा, जोडीसुद्धा नसते. याहून महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे ‘ब्लाइंड’, अर्थात पाने न पाहता खेळण्याची मुभा. ज्याने पाने पाहिलीच नाहीत, त्याच्या चेहऱ्यावर पानांविषयी वाचण्यासारखे काही असूच शकत नाही. पाने पाहिलेल्याला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. म्हणजे माहितीची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा चिपांत आणि एकदा चेहऱ्यावर. म्हणूनच या खेळात सर्वांत अर्थपूर्ण क्षण ब्लाइंड खेळणारा पाने उचलतो तो असतो. ‘साइड शो’ मागितल्यावर दोघांनी एकमेकांची पाने पाहून एकाने डाव सोडला, की उरलेल्याच्या चर्येवर इतरांची दृष्टी जाते, हेही तीनपत्तीचे खास टेल होय.

रमीत थाप जवळजवळ नसते, तरी टेल असते. उचललेले पान खेळाडू हातात कोठे खोवतो, हे ते टेल. टोकाला ठेवल्यास ते बहुधा अद्याप निरुपयोगी. मधोमध खोवून लगेच दुसरे पान टाकल्यास एखादी जुळणी पूर्ण झाल्याचा संभव. कसलेले रमीपटू या कारणास्तव हातातील पाने क्रमाने लावतच नाहीत. मेंढीकोटात भिडूला डोळ्यांनी किंवा बोटांनी हुकमाची खूण करण्याचे प्रकार घडतात. ही टेल नव्हेत. ती ठरवून केलेली लबाडी आहे.

उत्तर कोकणात गोकुळाष्टमीच्या आणि गणपतीच्या जागरणात पत्ते खेळले जातात. पालघर जिल्ह्यात (१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा) त्याखेरीज रेल्वे हे पत्त्यांचे नित्याचे ठिकाण आहे. २०१३ मध्ये उपनगरी सेवा विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत वाढली. पालघर-बोईसरकडून मुंबईस नोकरीला जाणारे आणि उलट दिशेने तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे यांचा दिवसाचा पुष्कळ वेळ गाडीत जातो. बोईसर ते विरार हाच प्रवास सुमारे तासाभराचा आहे. मांडीवर बॅग किंवा रुमाल पसरून मांडलेल्या या डावांत प्रायः गुणच मोजले जातात. टेलच्या दृष्टीने त्यांचे वैशिष्ट्य असे, की रोज तीच गाडी, तोच डबा आणि तेच चार-पाच गडी. अशा मंडळींना एकमेकांचे मूळ वर्तन इतके परिचयाचे असते, की पान उचलताना कोणाची भुवई हलली हे निराळे पाहावे लागत नाही. उलट अनोळखी लोकांच्या टेबलावर पहिला तास-दोन तास हे ज्ञान शून्य असते. याच कारणाने मित्रांत अजिंक्य ठरलेला खेळाडू परक्या टेबलावर पुष्कळदा फसतो. त्याचे कौशल्य त्या चार माणसांपुरते असते.

लपवणे आणि बनावट टेल

टेल झाकण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय भावशून्य चेहरा हा नसून एकसारखी कृती हा आहे. पाने प्रत्येक वेळी तितकाच वेळ पाहणे, बोलीपूर्वी मनात ठरावीक अंक मोजणे, चिप एकाच ढबीने ठेवणे आणि नंतर नजर टेबलावरील एका बिंदूवर स्थिर करणे, असा परिपाठ पाळल्यास वाचण्याजोगा फरकच उरत नाही. काळा चष्मा, टोपी, गळ्याभोवतीचा रुमाल ही साधने याच हेतूने वापरली जातात. मानेवरील धमनीचे ठोके रुमालाने झाकले जातात.

मुद्दाम खोटे टेल दाखवून प्रतिस्पर्ध्यास चकवण्याच्या युक्तीस ‘उलटे टेल’ म्हणता येईल. ती पाहणाऱ्यासमोरच चालते. ज्याचे आपल्याकडे लक्षच नाही, त्याच्यापुढे केलेला अभिनय वाया जातो. चित्रपटांनी ही कल्पना फार रंगवली आहे. ‘राउंडर्स’ (१९९८) या चित्रपटात खलनायकाची बिस्किट खाण्याची लकब नायकाला त्याची पाने सांगते, तर ‘कॅसिनो रॉयल’ (२००६) मध्ये जेम्स बाँडने हेरलेले टेल त्याच्यावरच उलटते. प्रत्यक्षात एका लकबीवर संपूर्ण डाव जिंकण्याचे प्रसंग विरळा.

कायदेशीर स्थिती

टेल वाचणे हे कौशल्य मानावे की नाही, हा प्रश्न भारतात केवळ तात्त्विक नाही. जुगारविषयक कायद्यांतून कौशल्याच्या खेळांना वगळलेले असल्यामुळे पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर त्याची वैधता अवलंबून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मधील निकालात रमीस प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले आणि तो तीन पानी खेळासारखा सर्वस्वी नशिबाचा नाही, असा भेद केला. पोकरच्या बाबतीत उच्च न्यायालयांचे मत एक नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो कौशल्याचा खेळ म्हणून परवान्याविना खेळता येईल असे म्हटले, तर पालघरच्या सीमेपलीकडील गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यास जुगार ठरवले.

महाराष्ट्रात जुगारावर १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमान्वये बंदी आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा १९७६ मध्ये संमत झाला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. त्यामुळे पैसे लावून खुलेपणाने पोकर खेळू इच्छिणारा येथील खेळाडू गोव्यास जातो. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम, १९७६ मध्ये १९९२ साली दुरुस्ती होऊन तारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि १९९६ साली जहाजांवर टेबलावरील खेळांना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनो जहाजे ही त्याची परिणती. या टेबलांवर निरनिराळ्या राज्यांतील अनोळखी माणसे एकत्र येतात. सराईत खेळाडू ओळखू येत नाहीत आणि आपण मात्र त्यांना ओळखू येत असतो, हा नवख्यांच्या तोट्याचा एक मोठा भाग आहे.

ऑनलाइन पोकरमध्ये शरीर दिसत नसल्याने टेल केवळ बोलीच्या आकारात आणि निर्णयाच्या वेळेत उरते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले आहेत.